मालक, आधी फोन उचला!

बेळगावच्या उद्यमबागेत शेड घेतलीत, दारावर पाटी लागली, खंडेनवमीला लेथला झेंडूची माळ घालून नारळ फोडलात, म्हणून लगेच उद्योजक झालो असं समजू नका. कर्ज काय, जीएसटी नंबर काय, कुणालाही मिळतो. उद्योजक ओळखायचा तो त्याच्या सवयींवरून. त्या कशा लावून घ्यायच्या हे कुणी शिकवत नाही, म्हणून ही जबाबदारी अंगावर घेतोय. अनुभव घरचाच आहे.

सुरुवात पहाटेपासून. मोठी माणसं चारला उठतात हे तुम्ही रात्री दीड वाजता, अंथरुणात पडून, व्हिडिओत बघितलेलंच आहे. तेव्हा चारचा गजर लावा. अडीच तास झोप झाली की व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फिरायला जा, झाडांमागून उगवणाऱ्या सूर्याचा फोटो काढा आणि एखादं तेजस्वी वाक्य जोडून स्टेटसला टाका. ते किती जणांनी बघितलं हे मोजण्यात आठ कसे वाजतात कळतसुद्धा नाही. विल्यमसन आणि फेयर या दोघा संशोधकांनी २००० साली दाखवून दिलं की सतरा ते एकोणीस तास सलग जागा असलेला माणूस काही चाचण्यांत रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकाच, कधी त्याहूनही, अडखळतो. आपल्याकडे ०.०३ च्या वर गेलात तर गाडी चालवताना पोलीस धरतात. कारखाना चालवायला अशी काही मर्यादा नाही. म्हणजे चोर्ला घाट उतरून गोव्याला जायचीही गरज नाही, नुसतं जागलं तरी भागतं.

कारखान्यात पोचलात की खुर्चीत बसायच्या आधी चहाच्या टपरीवर जा. तिथे तुमच्यासारखे आणखी चार मालक उभे असतातच. विषय शोधायला लागत नाही, सीमाप्रश्न आहे. १९५६ पासून जे कुणाला जमलं नाही ते दोन चहांत मिटवायचं. बेळगाव कर्नाटकाकडेच ठेवा म्हणणाऱ्या महाजन आयोगाचं नाव निघालं की आवाज चढवायचा, कोण काय म्हणालं ते मोबाइलवर शोधून दाखवायचं. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा घातला, तो अजून चालूच आहे. त्यापुढे तुमचं क्वोटेशन दोन आठवडे रखडलं तर कुणाचं काय बिघडलं? (मी स्वतः या चर्चेत रोज पाऊण तास असतो. माझी मतं ठाम आहेत, क्वोटेशन तेवढं राहिलंय.) संध्याकाळी सहाला परत तिथेच या. चहातलं निम्मं कॅफीन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे अकरा वाजता ते तुमच्या सोबतीला असतंच. दीडचा व्हिडिओ बघायला कुणीतरी जागं ठेवायला नको का?

तंबाखूचं सांगत नाही. निपाणी जवळ आहे आणि चुन्याची डबी तुमच्या खिशात आहे.

आता मुख्य साधन, फोन. तो टेबलावर उताणा ठेवा. ग्राहकांचे, सप्लायरचे, वर्गातल्या पोरांचे, गल्लीच्या गणेशोत्सवाचे, सगळे ग्रुप चालू ठेवा. हुबळीवाला ‘बर्री सर’ म्हणतो, कोल्हापूरवाला ‘काय मालक’ म्हणतो. दोघांनाही पहिल्या रिंगला उत्तर गेलं पाहिजे. कॅलिफोर्नियातल्या ग्लोरिया मार्क नावाच्या प्राध्यापक बाई सांगतात की एकदा तुटलेल्या कामाकडे माणूस परत यायला सरासरी २३ मिनिटं जातात. आठ तासांच्या पाळीत नुसते वीस फोन घेतलेत तर ४६० मिनिटं झाली. उरली वीस. ती जेवायला.

आमच्याच शेडमधली गोष्ट. हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे स्पूल, म्हणजे आत सरकणारे दांडे, ग्राइंडिंगला आले होते. स्पूल आणि तो ज्यात बसतो ते भोक, म्हणजे बोअर, यांच्यात काही मायक्रॉनचीच फट ठेवायची असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, त्यावरून अंदाज करा. ऑपरेटर सुट्टीवर, म्हणून मीच मशीनवर उभा राहिलो. ऑफसेट, म्हणजे मापातल्या दुरुस्तीचा आकडा, घालताना मेव्हण्याचा फोन आला. लग्नाचा हॉल, जेवणाचं ताट, गोडाला कुंदा किती किलो. खांद्यानं फोन दाबून धरला आणि बोटांनी आकडा घातला. उणे घातलं की अधिक, ते आजही सांगता येत नाही. व्यास मोठा राहिला असता तर परत घासून बसवता आला असता, पण लहान झालेल्या लोखंडाला परत चरबी चढत नाही. चाळीस नग भंगारात. कुंदा मात्र पाच किलो ठरला, त्यात चूक नाही. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये लिहिलंय की एक काम अर्धं टाकून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा एक तुकडा पहिल्यातच अडकून राहतो. माझा तुकडा त्या हॉलच्या पार्किंगमध्ये होता.

तुमचं बघून बाकीचे शिकतील, त्याची काळजी नको. मालक फोनवर म्हणून सुपरवायझर फोनवर, सुपरवायझर फोनवर म्हणून हेल्पर मशीनच्या आडोशाला रील बघतोय. मग तुम्ही ‘कामगारांना लक्षच नाही हल्ली’ असं टपरीवर सांगायला मोकळे.

एका माणसापासून मात्र सांभाळून राहा. शेजारच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, एक म्हातारा मोल्डर आहे, सगळे त्याला मामा म्हणतात. एसजी आयर्न या चिवट जातीच्या बिडाच्या रसात मॅग्नेशियम मिसळलं की दहा-बारा मिनिटांत सगळे साचे भरून व्हावे लागतात, नाहीतर मॅग्नेशियम उडून जातं आणि आतल्या ग्राफाइटच्या गोळ्या धड बनत नाहीत. परवा मी तिथे उसने पॅटर्न मागायला गेलो होतो. रस ओतायचं लॅडल भरलेलं, फाउंड्रीचे शेठ फोन कानाला लावून मधोमध उभे, एक बोट वर करून सगळ्यांना थांबवलेलं. मामानं वळूनसुद्धा बघितलं नाही. ‘मालक, बाजूला व्हा की. ओतून होऊ दे आधी,’ म्हणाला आणि लॅडल कलवलं. एक साचा, दुसरा, तिसरा. शेठनी फोन खाली केला, तो हातात वाजतच होता, आणि शेवटचा साचा भरेपर्यंत ते गप्प उभे राहिले. सात-आठ मिनिटं एक अख्खा मालक काहीही न करता एकाच गोष्टीकडे बघत होता.

असा माणूस कारखान्यात ठेवणं बरं नव्हे. त्याच्याकडे अजून बटणांचा फोन आहे म्हणे. येत्या दिवाळीला बोनसऐवजी चांगला स्मार्टफोन घेऊन द्या त्याला, आणि त्याच दिवशी ग्रुपमध्ये घ्या.