तीन फोडींचं संत्रं

गुरुवारी रात्री साडेनऊला, जेवून मी सोफ्यावर आडवा होण्याच्या बेतात असताना कन्या म्हणाली, "बाबा, शनिवारी शाळेत हेलियम न्यायचा आहे."

मला वाटलं फुगे. "किती?"

"फुगे नाही हो. अणू. विज्ञान दिनाचं प्रदर्शन आहे. मोठा पाहिजे, मागच्या बाकावरून दिसला पाहिजे."

"अन् हे तुला सांगितलं कधी?"

"मागच्या सोमवारी."

अणुकेंद्रकाबाहेर एकटा पडलेला न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांत मोडतो, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. आमच्या पोरीच्या दप्तरातली सूचना मात्र दहा दिवस धडधाकट टिकते आणि गुरुवारी रात्री साडेनऊलाच फुटते.

२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. रामन यांनी १९२८ मध्ये रामन परिणाम जाहीर केला, त्याची आठवण. हे रामन तरुणपणी सरकारी हिशोब खात्यात नोकरीला होते आणि काही काळ नागपुरातही होते. मीही हिशोब खात्यातच आहे. त्यांना पुढे नोबेल मिळालं. मला शुक्रवारची अर्धी रजा मिळाली, तीही साहेबांनी चष्म्यावरून बघत दिली.

अर्ध्या रजेत बर्डीवर गेलो. दुकानदाराला थर्माकोलचे गोळे मागितले. तो म्हणाला, "थर्माकोल बंद आहे ना भाऊ, २०१८ पासून. कुठं राहता?" मी म्हटलं, "नागपुरातच." पुठ्ठा आणि दोऱ्याचं रीळ घेऊन घरी आलो.

घरी टेबलावर मृग बहाराची संत्री होती. हेलियमच्या अणुकेंद्रकात दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन. चार संत्री उचलली. प्रोटॉन ओळखू यावेत म्हणून देवघरातल्या कुंकवानं दोघांवर अधिकची खूण केली. न्यूट्रॉनवर प्रभार नसतो, त्यामुळे ते कोरेच. बायको म्हणाली, "दोघांची पूजा केली, दोघांनी काय पाप केलं?"

आता इलेक्ट्रॉन. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड. कन्येनं स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. लॉकडाऊनमध्ये केक करण्यासाठी घेतलेला हा काटा केकनंतर प्रथमच बाहेर आला. संत्रं भरलं १६० ग्रॅम. १६० भागिले १८३६, म्हणजे ०.०८७ ग्रॅम. एवढं हलकं घरात काय? मोहरी फारच हलकी निघाली, चणा फारच जड. शेवटी सासऱ्यांच्या शेतातली अख्खी तूर काढली, ह्याच हंगामातली, सालासकट. शंभर दाणे मोजून तोलले तर नऊ ग्रॅम. म्हणजे एका दाण्याचे ०.०९. इतका बिनचूक हिशोब मी ऑफिसातही केलेला नाही. शंभरातले दोन दाणे वाटीत बाजूला ठेवले.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे सर पेपर न्यायला आले. भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहेत. आमचा पेपर ते रोज नेतात आणि शब्दकोडं सोडवून परत देतात. पुठ्ठ्याकडे बघून म्हणाले, "छान आहे. फक्त अंतर चुकलं."

"किती पाहिजे?"

"साधा हायड्रोजन धरा. प्रोटॉन जर संत्र्याएवढा असेल, अन् तुम्ही तो झिरो माइलच्या खांबाशी ठेवला, तर इलेक्ट्रॉन सव्वादोन किलोमीटरवर येईल."

म्हणजे बर्डी ओलांडून पार धंतोलीच्या पुढे. झिरो माइलच्या दगडी घोड्यांपाशी एक संत्रं, धंतोलीपुढे कुठंतरी तुरीचा एक दाणा, मध्ये काहीच नाही. एवढ्या मोकळ्या जागेत नागपूरकरानं एव्हाना चार फ्लॅट स्कीम काढल्या असत्या. सर पुढे म्हणाले की दाणा एका जागी बसतही नाही, ढगासारखा पसरलेला असतो. मी दोन फुटांच्या पुठ्ठ्याकडे पाहिलं आणि दोरा कापला.

खरी चूक मी इथे केली. मी म्हटलं, "म्हणजे प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन. झालं. यापेक्षा लहान काही नाही."

सर खुर्चीत बसले. सर बसले की पेपर त्या दिवशी वर जात नाही.

थॉमसनला इलेक्ट्रॉन १८९७ मध्ये सापडला, रदरफर्डनं अणुकेंद्रक १९११ मध्ये दाखवलं, चॅडविकला न्यूट्रॉन मिळाला १९३२ मध्ये. म्हणजे माझ्या आजोबांनी अणूचा धडा घोकला तेव्हा त्यात न्यूट्रॉन नव्हता. बाबा मॅट्रिक झाले तेव्हा क्वार्क नावाचे आणखी लहान कण नव्हते, ते गेल-मान आणि त्स्वाइग यांनी सुचवले १९६४ मध्ये. मी दहावीला बसलो तेव्हा त्यांच्यातला टॉप क्वार्क सापडायचा होता आणि हिग्ज बोसॉन नावाचा कण तर २०१२ पर्यंत दडून होता. आमच्या खानदानात पूर्ण अणू कोणीच शिकलेला नाही, आणि दहावीत या धड्यावर मला पाचापैकी चार मिळाले होते. तो एक मार्क का कापला, हे आत्ता कळलं.

"इलेक्ट्रॉनच्या पोटात अजून काही सापडलेलं नाही," सर म्हणाले, "पण प्रोटॉनच्या पोटात तीन क्वार्क. दोन 'अप' जातीचे, एक 'डाउन' जातीचा. न्यूट्रॉनमध्ये एक अप, दोन डाउन."

कन्येचे डोळे चमकले. बापाला धोका कळतो. ती म्हणाली, "बाबा, तीन फोडींचं संत्रं आणा ना."

मी फुले मार्केटात गेलो. माणूस शिकलेला असला, हिशोब खात्यात असला, तरी पोरीनं सांगितलं की जातो.

"तीन फोडींचं संत्रं मिळेल का?"

"तीन संत्री?"

"एकच. आत तीन फोडी."

त्यानं काटा खाली ठेवला आणि शेजारच्याला हाक मारली, "अबे, इकडं ये. हे भाऊ तीन फोडीचं मागून राह्यले." दोघांनी मिळून मला पाहिलं. "डॉक्टरनं सांगितलं का?"

"पोरीनं."

"मग बराबर आहे," शेजारचा गंभीरपणे म्हणाला. त्यालाही पोरगी असावी.

पलीकडे टोपली घेऊन बसलेली आजी म्हणाली, "तीन फोडीचं नसते बाप्पा. धा-अकरा निघते. अन् आत काय निघन ते वरून कसं सांगू?" नेमका हाच प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. त्यासाठी त्यांनी स्टॅनफर्डला तीन किलोमीटर लांबीचं यंत्र उभारलं, इलेक्ट्रॉन वेगानं प्रोटॉनवर हाणले आणि १९६८ च्या सुमारास आतल्या कठीण ठिपक्यांचा पत्ता लागला. आजीनं अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि म्हणाली, "गोड आहे, घेऊन जा." दीड डझन घेऊन आलो. सगळ्यांत दहा-अकराच निघाल्या.

शेवटी एक जादा संत्रं सोलून तीन फोडी ठेवल्या, बाकीच्या खाल्ल्या आणि त्या तिघींना मागच्या होळीचे उरलेले रंग लावले. लाल, हिरवा, निळा. क्वार्कांना रंग असतात म्हणे, पण हे रंग रंग नव्हेत, नुसती नावं. तिघांचे तीन रंग एकत्र आले की बेरंग, आणि बेरंग जमतो तेव्हाच ते एकत्र राहतात. प्रभार त्याहून भारी. अपचा अधिक दोन तृतीयांश, डाउनचा उणे एक तृतीयांश. आम्ही तिघं मित्र रविवारी तर्री पोहे खायला जातो तेव्हा दोघं पैसे काढतात आणि तिसरा उधारी करतो. तसंच. दोन, दोन, उणे एक, भागिले तीन. उत्तर एक. पूर्ण प्रोटॉन. टपरीवाल्याला ह्या भानगडीशी देणंघेणं नसतं, त्याचा गल्ला जुळतो.

आणि क्वार्क एकटा कधी भेटत नाही. सरांनी हे सांगितलं तेव्हा मला माझ्या तीन मावससासवा आठवल्या. एकीला हळदीकुंकवाला बोलवायचं म्हणून मी एकदा फार खटपट केली होती. क्वार्क ओढून वेगळा करायला गेलं तर ओढण्यात इतकी ऊर्जा खर्ची पडते की तिच्यातूनच नवी जोडी जन्माला येते आणि तुमच्या हाती एकटा क्वार्क लागतच नाही. त्या दिवशी आमच्याकडे पाच जणी आल्या होत्या.

पण मला सगळ्यांत आवडलं ते वजन. प्रोटॉनमधल्या तीन क्वार्कांचं स्वतःचं वस्तुमान एकत्र केलं तर प्रोटॉनच्या जेमतेम एक टक्का भरतं. बाकी सगळं त्यांच्या धावपळीचं आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनच्या ऊर्जेचं. माझं वजन ८८ किलो. मी लगेच हिशोब मांडला. क्वार्क साधारण किलोभर, सगळे इलेक्ट्रॉन मिळून पंचवीसेक ग्रॅम, म्हणजे मूठभर फुटाणे. उरलेले ८७ किलो निव्वळ धावपळ. धावतच स्वयंपाकघरात गेलो. बायकोला म्हटलं, "ऐकलं का, मी जाड नाहीच. माझ्यात माल फक्त एक किलो आहे. बाकी धावपळीचं वजन."

ती पोळी उलटत म्हणाली, "धावपळ मी करते अन् वजन तुमचं वाढते, हे कोणत्या पुस्तकात आहे?"

सरांनी पेपरात तोंड घातलं.

मग न्यूट्रिनो आले. किरणोत्सारातून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचा हिशोब जुळेना, काहीतरी कमी पडे. पाउली नावाच्या शास्त्रज्ञानं १९३० मध्ये पत्र लिहून सुचवलं की न दिसणारा एखादा कण ती ऊर्जा घेऊन पळत असणार. ते पत्र एका परिषदेला होतं. त्याची सुरुवातच "प्रिय किरणोत्सारी स्त्री-पुरुषहो" अशी होती. स्वतः पाउली गेला नाही, कारण त्याला नाचाच्या समारंभाला जायचं होतं. मला हा माणूस फार जवळचा वाटला. बाजारातून आल्यावर माझा हिशोब पन्नास-साठ रुपयांनी कमी भरतो तेव्हा मीही 'इतर' नावाचा कण मांडतो. पाउलीचा कण २६ वर्षांनी, १९५६ मध्ये खरोखर सापडला. माझा कण बायकोला त्याच संध्याकाळी खिशात सापडतो, खर्ऱ्याच्या पुडीच्या रूपानं.

हे न्यूट्रिनो सूर्याकडून येतात आणि अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला ६,००० कोटींहून जास्त आरपार जातात. नागपूरच्या उन्हाला आपण दुपट्टा बांधतो, कांदा खिशात ठेवतो, दुपारी पडदे ओढून कूलरसमोर पडतो. यांना त्याचं काहीच नाही. रात्री तर पृथ्वीच्या त्या बाजूनं येतात आणि गादीखालून वर जातात. त्यांना पकडायला कर्नाटकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल उपकरणं लावली होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर १९६५ मध्ये तिथं वातावरणातून आलेले न्यूट्रिनो टिपले. सोन्याच्या खाणीत उतरून सोनं सोडून जवळपास काहीच नसलेली वस्तू शोधणारी माणसं. आमच्या घरात ही गोष्ट सांगायची सोय नाही.

एकूण मूलकण सतरा. सहा क्वार्क, सहा इलेक्ट्रॉनचे भाऊबंद, बाकीचे बलांचे निरोप पोचवणारे आणि एक हिग्ज. कण सतरा, भानगडी सतराशे साठ. त्स्वाइगनं क्वार्कांना 'एक्के' म्हटलं होतं, पत्त्यात असतात तसे चारच असतील या हिशोबानं. निघाले सहा. पत्ते खेळणाऱ्या माणसाला असा डाव पचत नाही.

रात्री साडेअकराला पुठ्ठ्यावर चार संत्री बसली, तीन फोडी काडीवर टोचल्या गेल्या आणि एक इलेक्ट्रॉन दोऱ्याला चिकटला. दुसरा सकाळी चिकटवू म्हणून झोपलो.

शनिवारी शाळेत पोचल्यावर कन्या म्हणाली, "बाबा, दुसरा इलेक्ट्रॉन?"

घरी फोन लावला. "टेबलावर वाटीत तुरीचा दाणा होता, पाहिला का?"

"तो मी डब्यात टाकला."

"डब्यात? त्यात तीन किलो तूर आहे! आता तो ओळखायचा कसा?"

"ओळखायचा कशाला? सगळे सारखेच तर आहे."

मागे सरांचा आवाज आला. पेपर न्यायला आले होते. "वहिनी बरोबर म्हणून राहिल्या हो. विश्वातला एक इलेक्ट्रॉन दुसऱ्यापासून वेगळा ओळखताच येत नाही." मी काही न बोलता स्कूटरला किक मारली.

घरी बायको डबा उघडून उभीच होती. "किती देऊ?"

"एक."

"एकटाच कुठं नेता, पडला तर? चार घ्या." चार घेतले. शाळेच्या फाटकाशी खिसा चाचपला तर तीन होते.

वर्गात शिरलो तेव्हा परीक्षक येऊन गेले होते. कन्या निवांत उभी होती.

"विचारलं का त्यांनी, दुसरा इलेक्ट्रॉन कुठं आहे म्हणून?"

"विचारलं ना. मी म्हटलं, नक्की नाही सांगता येत सर, इथंच कुठंतरी असन. ते लय हसले."

मग माझी नजर पुठ्ठ्यावर गेली. संत्री तीनच होती आणि बाकावर साल पडलं होतं. काळजात धस्स झालं. साल उचलून उलटसुलट पाहिलं, कुंकू कुठंच नव्हतं. "न्यूट्रॉन कोणी खाल्ला?"

"परीक्षकांनीच. विचारून खाल्ला. म्हणाले, न्यूट्रॉन गेला तरी हेलियम हेलियमच राहते, प्रोटॉनला मी हात नाही लावला."