‘कुठलीही सायकल, कुठलीही वाट’: फ्रान्सच्या खडीवाटांबद्दलचा एक चुकीचा सल्ला

पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या १२०० किलोमीटरच्या सायकल-ब्रेव्हेला (ठरावीक वेळेत पुरी करायची लांब सफर) जाणारे बरेच जण ती झाल्यावर आठवडाभर राहून फ्रान्सच्या खेड्यांतून सायकलवर हिंडायचं ठरवतात. त्यांना हमखास मिळणारा एक सल्ला सायकलस्वारांच्या गटांत सतत फिरत असतो. ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडीवाटांसाठीची रुंद टायरची सायकल, हे विक्रेत्यांचं खूळ, रोड बाइकला २८ मिमी रुंदीचे टायर पुरे. कालव्याकाठची वाट सपाट, म्हणजे सोपी. नकाशावर दिसते ती प्रत्येक वाट सगळ्यांना खुली. आणि गावं इतकी जवळ की पाणी, खाणं, दुरुस्ती कुठेही होते. यातली प्रत्येक गोष्ट थोडी थोडी खरी आहे, म्हणूनच माणूस फसतो.

आधी टायर. २८ मिमी पुरतात अशा वाटा तिथे नक्की आहेत. बरगंडीतली जिव्री ते क्लुनी ही देशातली पहिली ‘व्हुआ व्हेर्त’, म्हणजे मोटारींना बंद असलेली हरितवाट. ती १९९७ साली जुन्या रेल्वेमार्गावर झाली आणि तिच्यावर डांबर आहे. पर्श भागातली आलाँसों ते काँदे-स्युर-युईन ही ६७ किलोमीटरची वाटही जुनी रेल्वेच, पण ती दाबलेल्या बारीक खडीची. तिथे कोरड्या दिवसांत ३२ मिमी चालतात. रेल्वेच्या वाटांना चढ जेमतेम असतो, त्यामुळे गिअरचाही प्रश्न येत नाही.

पण ज्या शांततेसाठी लोक तिथे जातात, ती शेतांमधल्या आणि रानातल्या वाटांवर असते. तिथे कुठला टायर चालेल हे जमीन ठरवते. नॉर्मंडीच्या पे द को पठारावर चिकणमातीत गारगोटीचे दगड आहेत. ते फुटले की त्यांची कड पात्यासारखी होते आणि टायरची बाजू कापते. शाम्पान्यमध्ये जमीन खडूची. उन्हात ती वाट फरशीसारखी घट्ट असते आणि पाऊस पडला की साबणासारखी निसरडी होते. लाँदच्या पाइनच्या जंगलात वाळू आहे, तिथे ४५ मिमीचा टायरही रुततो. मोर्व्हाँचा ग्रॅनाइट पाण्याचा निचरा लवकर करतो, त्यामुळे पावसानंतरही वाट लवकर चालण्याजोगी होते. मात्र तिथले चढ छोटे आणि उभे असतात. सामानासकट चढायचं तर सर्वांत हलका गिअर १:१ च्या खाली हवा: पुढे ४० दात, मागे ४२, किंवा पुढे ३१, मागे ३४. रोड बाइकच्या पुढे ३४, मागे २८ दातांवर सैल खडीत उभं राहून पॅडल मारलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं.

तूलूजच्या आग्नेयेला लोरागेची माती आपल्या काळ्या रानासारखी चिकट आहे. अशा मातीत नुसती टायरची रुंदी पाहून भागत नाही. टायर आणि चेनस्टे (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या फ्रेमच्या नळ्या) यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना किमान ६ मिमी जागा हवी, नाहीतर शंभर मीटरमध्ये चाक थांबतं. तरीही जोर लावत राहिलं तर गवतमिश्रित चिखल डिरेलरमध्ये, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेत, ओढला जातो आणि तिला फ्रेमशी जोडणारा हँगर वाकतो किंवा मोडतो. त्यामुळे तिथे पावसानंतर दोन दिवस शेतवाट सोडून गावागावांना जोडणारा अरुंद डांबरी रस्ता धरावा. तोही बहुतेक वेळा निर्मनुष्यच असतो.

सर्वसाधारण दौऱ्यासाठी ४० मिमी ट्यूबलेस (ट्यूबशिवायचे टायर) योग्य. ७० किलोच्या स्वाराने हवेचा दाब पुढे ३० आणि मागे ३३ पीएसआयपासून सुरू करावा, मागे सामान असेल तर तिथे ३–४ वाढवावेत. हवा जास्त झाली की टायर खडीवर उडतो आणि वळणावर पकड सुटते. फार कमी झाली की रिम दगडावर आपटते. ट्यूब वापरणाऱ्यांनी ५ पीएसआय जास्त ठेवावेत, नाहीतर दगड आणि रिम यांच्यात चिमटून ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं पडतात.

कालव्याचा मुद्दा थोडक्यात. पिएर-पोल रिके यांनी १६६६ ते १६८१ या काळात उभारलेल्या कानाल द्यु मिदीचा काठ तूलूजपासून सुमारे ५० किलोमीटर डांबरी आहे. पुढे ओद विभागात बऱ्याच ठिकाणी ती बोटी ओढणाऱ्या घोड्यांची जुनी पायवाट होते. कुठे हातभर रुंद, कुठे प्लेन वृक्षांच्या मुळ्यांनी उचललेली. सपाट वाटेवर उतार नसतो, म्हणून पायांना विसावाही नसतो. आणि इथे चढाचं काम वारा करतो. आग्नेयेचा ओताँ सुटला तर समुद्राकडे जाणाऱ्याच्या तोंडावर येतो, वायव्येचा सेर्स त्याला पाठीमागून ढकलतो. अंदाज बघून दिशा ठरवावी. ओताँ असेल तर आगगाडीने पुढे जाऊन उलट यावं.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते ‘सगळ्या वाटा खुल्या’ या समजुतीने. फ्रान्सच्या वाटा शांत आहेत त्याला १९९१ चा कायदा बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. त्याने मोटारवाहनांना सार्वजनिक रस्ते सोडून रानात शिरायला बंदी केली. सायकलला ती बंदी नाही, पण वाट कोणाची हा प्रश्न उरतोच. ‘शमँ र्युराल’ ही आपल्या पाणंदीसारखी: मालकी गावाची, वापर सर्वांचा. ‘शमँ देक्स्प्लुआतास्यों’ ही शेतकऱ्यांची शेतात जाण्याची वाट, आणि ते इतरांना मनाई करू शकतात. जमिनीवर आणि भौगोलिक नकाशावर दोन्ही सारख्याच दिसतात. फरक कळतो तो कादास्त्र या सरकारी भूमिनकाशात. तो ऑनलाइन मोफत पाहता येतो आणि वाटेचा प्रकार बहुधा तिथे लिहिलेला असतो. आखलेल्या मार्गातला प्रत्येक संशयास्पद तुकडा निघण्याआधी तिथे तपासावा. दुसऱ्या कुणाच्या जीपीएक्स फायलीवर (नोंदवलेल्या जीपीएस मार्गावर) विसंबणं म्हणजे त्याने कुठला बांध ओलांडला होता हे न विचारता त्याच्या मागे जाणं.

२ फेब्रुवारी २०२३ च्या कायद्यानंतर खासगीपणाची स्पष्ट खूण असलेल्या ग्रामीण किंवा वनजमिनीत विनापरवानगी शिरणं दंडनीय आहे. ठरावीक दंड १३५ युरो. ‘प्रोप्रिएते प्रिव्हे’ (खासगी मालमत्ता) ही पाटी दिसली की मागे फिरावं. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट ही की उभ्या पिकातून गेलेल्या एका सायकलमुळे शेतकरी पुढच्या सगळ्यांसाठी वाट बंद करतो.

लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या वाटा पायी चालणाऱ्यांसाठी आखलेल्या आहेत, तिथे पायऱ्या आणि अरुंद फाटकं येतात. त्रिकोण आणि दोन वर्तुळांची खूण माउंटन बाइकची. त्यातल्या सोप्या हिरव्या-निळ्या वाटा ग्रॅव्हलला जमतात, अवघड लाल-काळ्या नाहीत. सप्टेंबर ते फेब्रुवारीअखेर शिकारीचा हंगाम असतो, तारखा जिल्ह्यानुसार बदलतात. ‘शास आँ कुर’ (शिकार चालू आहे) अशी पाटी असेल त्या रानात शिरू नये, आणि एरवीही भडक नारिंगी घालावं. घंटी कायद्याने सक्तीची आहे. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चकाकणारं जाकीटही.

गावं जवळ आहेत हे खरं, पण त्यांत दुकान असेलच असं नाही. बेकरी असली तर आठवड्यातून एखादा दिवस बंद, दुपारी बंद. रविवारी दुपारनंतर जवळपास सगळं बंद. जेवण बाराच्या सुमाराला सुरू होतं आणि दोनला स्वयंपाकघर थांबतं. पाण्याची सोय मात्र दफनभूमीत होते, तिथे बहुतेक ठिकाणी नळ असतो. ‘नों पोताब्ल’ (पिण्यायोग्य नाही) लिहिलेलं पाणी पिऊ नये. उन्हाळ्यात दोन लिटर जवळ ठेवावं.

दुरुस्तीचं सामान आपलंच हवं. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा, तो जादा घेऊनच जावा. ४० मिमी टायरमध्ये निघताना ६० मिली ताजं सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) घालावं. शरद ऋतूत कुंपणं छाटली की ब्लॅकथॉर्नचे लांब काटे वाटेवर पसरतात. काटा काढला की भोक खाली करून सीलंट तिथे येऊ द्यावं, तरी हवा गेली तर प्लग, म्हणजे भोकात खुपसायची रबरी पट्टी. गारगोटीने बाजू कापली असेल तर प्लग टिकत नाही. तेव्हा ट्यूबलेस व्हॉल्व्ह काढावा, टायरची आतली बाजू रुमालाने पुसून बोटांनी सावकाश चाचपावी आणि आत टोक आलेला प्रत्येक काटा उपटावा. ही पायरी वगळली तर नवी ट्यूब लगेच जाते. मग कापलेल्या जागेवर आतून जुन्या टायरचा ५ बाय ३ सेंटिमीटरचा तुकडा लावून ट्यूब घालावी. ३५ पीएसआय भरून तुकडा बाहेर फुगत नाही ना ते पाहावं आणि पुढचं टायरचं दुकान येईपर्यंत डांबरी रस्ता धरावा.