काका, ढकला!

पावसाळ्यात न्हाणीघराचं दार फुगतं, हे आमच्या दादरच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण परवा सकाळी ते जे बसलं ते हलेचना. अंगावर पंचा, मोबाइल बाहेर, घरात चिटपाखरू नाही. डक्टकडच्या खिडकीतून बोंब मारली, तेव्हा शेजारचे काका त्यांच्याकडची जादा किल्ली घेऊन आले. काका मूळचे नागपूरचे.

"ढकला काका!"

"ढकलतो ना भाऊ. पण आधी समजून तर घ्या. लाकूड उंचीत फुगत नाही, रुंदीत फुगते. म्हणजे अडलं असणार कडीच्या बाजूनं."

"काका, ढकला."

"त्यात सकाळची वेळ. हवा गार, म्हणून आर्द्रतेचा टक्का जास्त. तेवढीच वाफ दुपारच्या गरम हवेत असली की टक्का उतरते. वेधशाळा उगाच सकाळी साडेआठ अन् संध्याकाळी साडेपाच असे दोन आकडे देत नाही."

"मग मी साडेपाचपर्यंत आतच बसू?"

काका चक्क विचार करू लागले.

"नाही," अखेर निकाल आला. "जुलैत दुपारीही मोठा फरक पडत नाही. जानेवारीत अडकले असते तर गोष्ट वेगळी. तेव्हा वारा जमिनीकडून येते, कोरडा. दुपारी ४० टक्क्यांच्याही खाली जाते."

जानेवारीत याच दाराला बोटभर फट असते. तेव्हा कोण कशाला अडकेल?

"आमच्या नागपूरले मे महिन्यात ४५ अंश, पण घाम जागच्या जागी वाळते!"

जुलैत नागपूरही दमटच असतं, हे मी आतून ओरडून सांगितलं. काकांना तेवढंच ऐकू आलं नाही.

सुताराची तऱ्हा आणखी निराळी. पावसाळ्यात म्हणतो, आत्ता रंधा मारला तर हिवाळ्यात फट पडेल. हिवाळ्यात म्हणतो, छान लागतंय की दार. दोन्ही वेळा खरं बोलतो आणि दोन्ही वेळा चहा पिऊन जातो. मिठाचे गोळे, चपलांवर बुरशी, चार दिवस दोरीवर कुबट होणारे कपडे. आणि पाऊस गेला की ओल्या जमिनीवर ऑक्टोबरचं ऊन, म्हणजे पुन्हा घामाच्या धारा. एवढ्यासाठी घराचे हप्ते भरतोय आम्ही, वीस वर्षांचे!

शेवटी कचरा न्यायला आलेल्या पोराने एक शब्द न बोलता खांदा लावला. दार धाडकन उघडलं, मी बादलीवर. पंचा सावरत उठतोय, तर काका चष्मा वर करून चौकटीचं वरचं टोक न्याहाळत होते.

"बघा," ते म्हणाले, "उंचीत नाहीच फुगलं."