गॅस संपत नसतो बे

आमच्या फॅमिली ग्रुपवर परवा पुन्हा तेच सुरू झालं. नागपूरच्या, मानेवाड्याच्या भाच्याने फोटो टाकला, एसीवाला येऊन गॅस भरून गेला, अडीच हजार घेतले, आणि हे सलग तिसरं वर्ष. मी लिहिलं की एसीवाल्यांना लायसन्स सक्तीचं करायला पाहिजे, साध्या वायरमनला परवाना लागतो आणि प्रेशरच्या गॅसशी खेळणाऱ्याला काहीच लागत नाही हे कसं काय. झालं. मोठ्या भाऊजींचं लगेच उत्तर, "तुझं अमेरिकेचं ज्ञान तिकडेच ठेव, इथे गरीब पोट्टे चार पैसे कमावून राहिले, त्यांच्या पोटावर काहून पाय देतो?" पैसे त्यांच्याच पोराचे गेले बरं का. त्यावर चौदा अंगठे, एक माझ्या सख्ख्या बहिणीचा. पण तिचं काय, तिला त्याच घरात राहायचंय.

गॅस संपत नसतो बे. एसी म्हणजे स्कूटर नाही दर उन्हाळ्यात टाकी फुल करायला. बंद नळ्यांमधून तोच गॅस फिरतो, आतली गरमी उचलतो, बाहेर नेऊन टाकतो, वीस वर्षं फिरला तरी तेवढाच राहतो. कमी झाला म्हणजे कुठंतरी लीक आहे, फ्लेअर नटपाशी, म्हणजे तांब्याच्या नळीच्या जोडावर, नाहीतर कॉइलला. लीक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं, आणि आमचा भाचा तीन वर्षांपासून ओतून राहिला. साबणाचा फेस लावला तरी बुडबुडा दिसतो. पण त्याला वेळ लागतो, आणि एप्रिलमध्ये मिस्त्रीला दिवसाला दहा-बारा घरं करायची असतात, हेही मला माहीत आहे.

मी ह्यूस्टनमध्ये हेच काम करतो. व्हॅनच्या दोन्ही बाजूंना लायसन्स नंबर लिहिलाय, क्लास बी, म्हणजे २५ टनांपर्यंतचं कूलिंग. त्यासाठी चार वर्षं दुसऱ्याच्या लायसन्सखाली ऑगस्टमध्ये लोकांच्या छपराखालच्या अॅटिकमध्ये रांगलो, मग परीक्षा, इन्शुरन्स, आणि रिन्यूअलसाठी दर वर्षी आठ तासांचा क्लास अजूनही आहेच. ईपीएचं, म्हणजे इथल्या पर्यावरण खात्याचं, कार्ड वेगळं. इथे १९९२ पासून मुद्दाम गॅस हवेत सोडायला बंदी आहे, मशीन लावून सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचा. कारण आर-२२ चा, म्हणजे जुन्या एसींमधल्या गॅसचा, एक किलो सोडला की कार्बन डायऑक्साइड सुमारे १,८०० किलो सोडल्यासारखं होतं, वर ओझोनचं नुकसान ते वेगळंच. माझ्या हातून चूक झाली तर नंबर जातो, नंबर गेला की व्हॅन नुसती पांढरी व्हॅन. मिस्त्रीच्या अंगात अक्कल यावी म्हणून मी लायसन्स म्हणत नाही, त्याच्याकडे जाण्यासारखं काहीतरी असावं म्हणून म्हणतो.

भाऊजी म्हणे, "तिकडे नुसतं घरी यायचे किती घेता तेवढं सांग नं." बरोबर पकडलं. ८९ डॉलर. आणि वीस डॉलरचा कपॅसिटर उडालेला असताना म्हाताऱ्या बाईला पूर्ण सिस्टिम विकू पाहणारे लायसन्सवाले इथेही आहेत, ती सेकंड ओपिनियन घ्यायची म्हणाली आणि मी गेलो म्हणून कळलं. ग्रुपवर मी फक्त "क्वालिटीचे पैसे असतात" एवढंच लिहिलं.

पण राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. २०२५ च्या जूनमध्ये ऊर्जामंत्री खट्टर म्हणाले की एसी २० ते २८ च्या मधेच चालतील असा नियम आणू, तर आमचा अख्खा ग्रुप आठवडाभर रिमोटवर भांडला, आमच्या घरात सरकार काहून घुसतं वगैरे. आणि घरात जो माणूस पाना घेऊन घुसतो त्याच्याबद्दल कोणाला काही पडलेली नाही. आता काही एसींमध्ये आर-२९० येतो, म्हणजे प्रोपेन, स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. आर-३२ म्हणून दुसरा गॅस येतो, तो पण थोडा जळतोच. तिथे बिडी ओढत ब्रेझिंग, म्हणजे ज्योतीने नळ्या जोडणारा पोट्टा चालतो का तुम्हाला? चालतो. कारण तो दोनशे रुपये कमी घेतो.

इथले लोक ३५ डिग्रीला मरायला टेकतात तेव्हा मी त्यांना नागपूरचा रेकॉर्ड सांगतो, ४७.९, २३ मे २०१३. (२०२४ मध्ये ५६ डिग्री म्हणून ग्रुपवर जे नाचले होते ते सेन्सरची चूक निघाली, तरी कोणी मेसेज डिलीट केला नाही.) खरं सांगायचं तर ह्यूस्टनचे ३५ जास्त वाईट, अंग वाळतच नाही. इथे कूलर लावला तर घराला बुरशी येईल. नवतप्यात आपल्याकडे हवा एवढी कोरडी की पाणी भराभर उडतं आणि पंखा पंधरा डिग्रीने थंड झालेला वारा फेकतो, तोही वाळ्याचा वास घेऊन. मी लोकांना १८ सीअरच्या, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मशिनी विकतो, पण प्रतापनगरच्या गच्चीकडच्या खोलीत ताट्यांवरून पाणी ठिबकायच्या आवाजात जशी झोप लागायची तशी इथे एकदाही लागली नाही. हे ग्राहकांना सांगायची सोय नाही.

आणि नागपुरात असा गॅस हवेत सोडणारे पोट्टे कोण, तर मीच. आयटीआय झाल्यावर दोन वर्षं सीताबर्डीच्या मागे एका दुकानात हेल्पर होतो. मे महिन्यात जुना एसी उतरवला की व्हॉल्व्ह उघडायचा, फस्स करून आर-२२ बाहेर, आणि आम्ही दोघं त्या थंड धुरात हात धरून उभे, मजा म्हणून. धंतोलीच्या एका रिटायर्ड मास्तरीण बाईंना मी गॅस कमी आहे सांगून बाराशे घेतले, नुसती जाळी चोंदली होती. त्यांनी वरून पन्हं दिलं.

बाबा शेवटपर्यंत लोकांना सांगायचे, पोरगा अमेरिकेत एसीच्या कंपनीत इंजिनिअर आहे. मी कधी दुरुस्त केलं नाही. इथे गणपतीला मंडळात आयटीवाले भेटतात, कार्ड घेतात, आपल्या माणसाला डिस्काउंट देशील नं म्हणतात, जेवायला मात्र दुसऱ्या टेबलावर बसतात. नागपूरला गेलो की "स्वतःचा बिझनेस आहे" म्हणतो, आणि कसला ते कोणी विचारायच्या आत विषय बदलतो. लायसन्सची फ्रेम ऑफिसात लावलीय, आईला फोटो पाठवलेला नाही.

गेल्या मेमध्ये रात्री साडेनऊला आईचा फोन, एसी गरम हवा फेकून राहिला. लाईट नीट होती, फिल्टर भाच्याने धुतला होता. मी कोणाला फोन केला असेल? त्या थंड धुरात माझ्याबरोबर उभा राहणाऱ्या दोस्ताला. त्याच्याकडे आजही कसलाच कागद नाही. अर्ध्या तासात प्रतापनगरला पोचला, नट सैल सापडला, फ्लेअर नवीन मारला, वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून गॅस भरला.

मी विचारलं, गॅस भरायच्या आधी नळ्यांतली हवा ओढायला व्हॅक्यूम किती वेळ लावला?

"तिकडून घड्याळ लावून बसला काय बे? चाळीस मिनिटं. काकू म्हणे चहा घे, तर घेतला."

त्याने फोटो पाठवला, तुळशीच्या कट्ट्यावर पंप, गेज, बाजूला कप. ग्रुपवर टाकला तर भाऊजी जिंकतात, म्हणून टाकला नाही.