दुःखातल्या घराला पर्याय कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका,
(तुम्ही सत्तरी ओलांडल्याचं लिहिलंत, म्हणून काका म्हणते.)

अंत्यसंस्काराच्या पर्यायांवरच्या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा, की दुःखातल्या घराला पर्याय नको असतात, रीत हवी असते. गॅसदाहिनी, देहदान, रक्षा झाडाला घालणं असं सुचवून मी ती रीत मोडायला सांगते. शेवटी तुम्ही विचारलंत, 'भट्टीत ढकललेल्या माणसाचा कपाळमोक्ष कोण बघणार?'

रीत घराला सावरते, हे अगदी खरं आहे. तिरडी कोण बांधणार, मडकं कोण धरणार, पाहुण्यांसाठी किती वेळ थांबायचं हे ठरलेलं असतं, म्हणून रडणाऱ्या माणसांना त्या वेळी डोकं चालवावं लागत नाही. म्हणूनच माझं म्हणणं आहे की हे बोलणं माणूस हिंडता-फिरता असताना व्हावं. अंगणात भावकी जमल्यावर कुणी 'आबांना देहदान करायचं होतं' म्हणालं, तर तिथे फक्त भांडण होतं.

पण आपल्याकडे रीत एकच आहे, असं कुठे आहे काका? आपल्या सातारा-सांगलीतल्या लिंगायत घरांत दफन करतात. तान्ह्या बाळाला बहुतेक घरांत अग्नी देत नाहीत, पुरतात. शेजारी कोल्हापुरात शेणींवर, म्हणजे गोवऱ्यांवर, दहन होतं आणि होळीला लोक शेणी स्मशानाला दान देतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. असा महापूर येतो तेव्हा काठावरचं दहन दुसरीकडे हलवावंच लागतं, आणि त्यामुळे त्या माणसाला गती मिळाली नाही असं कुणी म्हणत नाही. कुळ, वय, ऋतू बघून आपली माणसं ठरवतच आली आहेत.

आता कपाळमोक्ष. इथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. दाहिनीचं दार बंद झाल्यावर आत काय होतं ते दिसत नाही आणि कवटी फुटल्याचा तो आवाज ऐकू येत नाही. चितेपाशी माणसं त्या आवाजासाठी थांबतात आणि मगच पाय घराकडे वळतात. ज्याच्या मनाला ते हवं आहे, त्याने लाकडावरच दहन करावं. मात्र बाकीचं बहुतेक सगळं दाहिनीतही होतं. तोंडात पाणी घालणं, मडकं खांद्यावर घेऊन फेऱ्या, प्रत्येक फेरीला दगडाने पाडलेलं छिद्र, शेवटी मडकं फोडणं, हे सगळं ट्रॉली आत जाण्याआधी करता येतं. तोच दगड जीवखडा म्हणून दहाव्यापर्यंत जपला जातो, पिंडाला कावळाही त्याच घाटावर शिवतो. मुखाग्नी कापराने देतात. तो मुलीने दिला तरी कायद्याची आडकाठी नाही, आणि ज्या लेकीने आईचं शेवटचं आजारपण काढलं तिला मागे उभं करू नये असं मला मनापासून वाटतं.

लाकडावर एका देहाला साधारण तीनशे-चारशे किलो लाकूड लागतं, पावसाळ्यात ओलं असलं तर आणखी. राख निवायला वेळ लागतो, म्हणून सावडायला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जायचं. दाहिनीत दीड-दोन तासांत दहन होतं आणि अस्थी बहुधा त्याच दिवशी हातात येतात. ज्यांचा मुलगा परगावी नोकरीला आहे, त्यांना हा फरक फार मोठा असतो.

रक्षेचं म्हणाल तर नदीत सोडण्याऐवजी ती शेताच्या बांधावर खड्ड्यात घालून वर आंबा, वड लावणारी घरं आपल्या भागात आता बरीच आहेत. फक्त ती थेट मुळांवर ओतू नका. राख क्षारयुक्त असते, रोप जळतं. भरपूर मातीत आणि शेणखतात मिसळून घाला.

देहदानाबद्दल तुम्ही लिहिलंत, 'फॉर्म भरला की विषय संपला.' तसं होत नाही. १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्याखाली मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्था देह स्वीकारतात, पण त्या वेळी फोन करून देह पोचवायचा असतो घरच्यांनीच. एक मुलगा अडून बसला की राहिलं. शवविच्छेदन झालेला देह सहसा घेत नाहीत, म्हणजे अपघात झाला तर दुसरा विचारही सांगून ठेवायला हवा. नेत्रदान मात्र तुमच्या रीतीत कुठेच आड येत नाही. साधारण सहा तासांच्या आत डोळ्यांचा पारदर्शक पडदा काढून घेतात, चेहरा विद्रूप होत नाही आणि मग लाकडावर, सगळ्या विधींनिशी दहन होतं.

तुम्ही लिहिलंत की तुम्हाला माहुलीच्या संगमावर, लाकडावरच जायचं आहे. मग काका, हेच मुलांना बसवून सांगा आणि एका कागदावर लिहा. अग्नी कुणी द्यायचा, अस्थी कुठे सोडायच्या, दहावा कुठे करायचा, तेही लिहा. घरीच मृत्यू आला तर दाखला कोणते डॉक्टर देतील ते विचारून ठेवा, कारण स्मशानात आधी तोच मागतात आणि २१ दिवसांत मृत्यूची नोंदही व्हावी लागते. छातीत पेसमेकर बसवलेला असेल तर तो दहनाआधी डॉक्टरांकडून काढून घ्यायला सांगा. आगीत त्याची बॅटरी फुटते.