बेने इस्रायली इंग्रजांसोबत आले नाहीत

‘कोकणातले यहुदी इंग्रजांनी आणून वसवले, ओळख लपवायला त्यांनी मराठी आडनावं घेतली’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

अलिबागचा मुलूख 1840 पर्यंत आंग्र्यांकडे होता. गावोगावी तेलघाणे चालवणारे बेने इस्रायली, म्हणजे हेच कोकणातले यहुदी, त्याआधीपासून तिथलेच. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. हे नाव त्यांनी स्वतः घेतलं नव्हतं, शेजाऱ्यांनी दिलं होतं. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनास्थळ सॅम्युअल दिवेकर यांनी 1796 मध्ये बांधलं.

आडनावांचं म्हणाल तर पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर. कोकणात बऱ्याच जणांची आडनावं अशीच पडतात. यात लपवण्यासारखं काय आहे?

उलट बाजूचा दावाही तपासून घ्या. नवगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही त्यांची पिढीजात कथा. तिला मान द्यावा. पण ‘2000 वर्षांपूर्वी’ हा आकडा कागदोपत्री सिद्ध झालेला नाही.

त्यांचा मलिदा, म्हणजे प्रार्थनेचा घरगुती विधी, एकदा बघा. ताटात भिजवलेले गोड पोहे, खोबरं, फळं आणि ओठांवर एलियाहू पैगंबराचं नाव. पोहे कोकणातले, प्रार्थना हिब्रू. इस्रायलला गेलेल्या घरांतूनही हे ताट आजही मांडलं जातं. अशा माणसांना ‘बाहेरून आणलेले’ म्हणणारा मेसेज कृपया पुढे पाठवू नका.