आधी ब्रेक, मग फोर्क : बावड्याच्या वाचकाला उत्तर

बावडेकर (नाव दिलं नाहीत, कोल्हापूरजवळचा बावडा एवढंच गाव दिलंत, म्हणून हेच), तुमची प्रतिक्रिया चांगलीच तिखट आहे. खाली दोन ओळी खरडून भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. 'पहिली एमटीबी घेताना' (एमटीबी म्हणजे डोंगरवाटांची माउंटन बाइक) या लेखात मी म्हटलं होतं की बजेट तीस हजारांच्या आतबाहेर आहे, एका बाजूला सस्पेन्शन फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्के झेलणारा चिमटा) आणि केबलवर चालणारे डिस्क ब्रेक (चाकाच्या मध्यावरच्या चकतीला पकडणारे) आहेत, दुसऱ्या बाजूला साधा ताठ फोर्क, हायड्रॉलिक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आणि बरे टायर आहेत, तर दुसरी सायकल घ्या. शिवाय रंकाळ्याभोवती फेरी मारली म्हणजे टेस्ट राइड झाली असं नाही, चढउतार हवा, असंही लिहिलं होतं.

त्यावर बावडेकरांचं म्हणणं असं. सस्पेन्शन नसेल तर ती एमटीबीच नव्हे, पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर हात बधिर होतात. कुठला दुकानदार नवीकोरी सायकल उतारावर घालायला देणार आहे? आजोबा पन्हाळ्याच्या बाजूनं काळ्या सायकलवर दुधाच्या किटल्या घेऊन यायचे, त्यांना कुठले आलेत हायड्रॉलिक? केबल तुटली तर कोपऱ्यावरचा माणूससुद्धा बसवून देतो, तेलाचा ब्रेक बिघडला तर कोण बघणार? आणि शेवटी, "काका, तुम्ही महागड्या सायकलवाल्यांची तळी उचलताय."

तळीचं राहू दे. मी सांगितलेली सायकल दुसरीपेक्षा महाग नाही, त्याच पैशातली आहे. पैसे कुठे खर्ची पडलेत एवढाच फरक.

पण तुमचे मुद्दे एकमेकांसमोर उभे केले तर त्यांचंच भांडण लागेल. सस्पेन्शनशिवाय डोंगर होत नाही म्हणता, आणि आजोबा साध्या सायकलवर तिकडूनच यायचे म्हणता. आजोबांपासूनच सुरू करू, कारण तुमच्या प्रतिक्रियेतला मला सगळ्यात आवडलेला भाग तोच.

त्या काळ्या सायकलला साखळीच्या पुढच्या चक्राला ४४ दात आणि मागच्याला १८ धरले, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर जाते. आजच्या स्वस्त एमटीबीवर पुढे २४ आणि मागे २८ लावले तर २९ इंची चाक एका फेऱ्यात दोन मीटरसुद्धा जात नाही. म्हणजे चढावर आजोबा तुमच्या-माझ्या जवळजवळ तिप्पट जड गिअर ओढत होते, नाहीतर सरळ उतरून ढकलत होते. दोन्हींत कमीपणा नाही. खासबाग कुस्ती मैदानाच्या गावातल्या माणसांच्या मांड्यांबद्दल मी काय बोलावं! पण आजोबांना, किंवा ज्यांनी त्यांना पाहिलंय त्यांना, एक विचारा. उतारावर भीती कशाची वाटायची? त्या सायकलचे दांडीचे ब्रेक म्हणजे क्रोमच्या रिमवर आतून घासणारे रबराचे ठोकळे. पावसात रिम ओली झाली की ते नुसतेच घासायचे, थांबवायचे नाहीत. किटल्या भरलेल्या, रस्ता ओला, ब्रेक नावाला. आजोबांची अडचण फोर्कची नव्हती हो.

आणि ही काही आपल्याकडचीच गोष्ट नाही. एमटीबीचा खेळ कॅलिफोर्नियात मारिन काउंटीतल्या माउंट टॅमलपाइसच्या परिसरात रुजला. १९७६ साली तिथल्या रिपॅक उतारावर पोरांनी जुन्या जाड टायरच्या सायकलींच्या शर्यती लावल्या. मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, उलटं पायडल मारून लावायचा ब्रेक असायचा. एका उतारात तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. आजच्यासारखं सस्पेन्शन त्या सायकलींना नव्हतं. रॉकशॉक्स कंपनीचा पहिला सस्पेन्शन फोर्क आला तो १९८९ च्या सुमाराला. मधली बारा-तेरा वर्षं माणसं ताठ फोर्कवर डोंगर उतरत होती, आणि त्या सायकली एमटीबीच होत्या.

आता आपला उतार घेऊ. पन्हाळा आणि कोल्हापूर यांच्या उंचीत चारशे मीटरच्या वर फरक आहे. स्वार, सायकल, पाठीवरची पिशवी मिळून ९५ किलो धरा. वरून खाली येताना जेवढी ऊर्जा खर्ची पडते तेवढ्यात लिटरभर पाणी उकळून वर थोडी उरेल. यातली बरीचशी हवा खाते, पण गडावरून वाघबिळापर्यंतच्या वळणांत ब्रेकच्या वाट्याला येणारा भागही कमी नसतो, आणि तो जातो दोन पातळ चकत्यांत. त्यात गळीत हंगामात उसाची डबल ट्रॉली कुठल्या वळणावर पुढ्यात येईल सांगता येत नाही. ट्रॅक्टरवाल्यानं गाणी लावलेली असतात, त्याला तुमची घंटा ऐकू जाणार नाही.

स्वस्त केबलच्या डिस्क ब्रेकमध्ये बहुतेक वेळा एकाच बाजूचं पॅड हलतं. ते चकतीला वाकवून पलीकडच्या स्थिर पॅडवर दाबतं. पॅड झिजत गेलं की लिव्हर हँडलच्या जवळ जवळ येतो, आणि दर थोड्या दिवसांनी ॲलन की घेऊन बसावं लागतं. पावसाळ्यात पठाराचा तांबडा चिखल केबलच्या आवरणात शिरला की लिव्हर ओढताना जड आणि सोडताना सुस्त. हायड्रॉलिकमध्ये दोन्ही पॅडं सारखी सरकतात, झीज आपोआप भरून निघते आणि दोन बोटांत काम होतं. सरावलेल्याला याचं काही वाटणार नाही. पण लहान हाताची मुलगी किंवा चौदा वर्षांचं पोर लांब उतारावर चार बोटांनी लिव्हर आवळत आलं की खाली पोचेपर्यंत पंजा उघडत नाही. हात बधिर होण्याचं हेही एक कारण आहे, आणि ते फोर्कनं जात नाही.

आता तुमच्या फोर्ककडे. या किमतीत मिळतो तो स्प्रिंगचा फोर्क. त्याच्या डोक्यावरची फिरकी फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते, बस्स. तिचा कडकपणा बदलत नाही. दुकानात "हार्ड करा, सॉफ्ट करा" म्हणतात ते हेच. स्प्रिंग सरासरी वजनाच्या माणसासाठी घातलेली असते. ५५ किलोचा पोरगा बसला तर ती जेमतेम हलते, ९० किलोचा बसला तर खड्ड्यात टोकाला जाऊन आपटते. त्याहून मोठी गोष्ट डॅम्पिंगची. चांगल्या फोर्कमध्ये दबलेली स्प्रिंग परत कितपत वेगानं उसळावी हे तेल ठरवतं. स्वस्तात ते नसतं, असलं तर नावापुरतं. एका खड्ड्याला ठीक. पण जांभ्याच्या खडबडीत वाटेवर एकामागून एक धक्के आले की फोर्क दबतो आणि तितक्याच जोरात हँडल वर फेकतो, आणि पुढचं चाक टेकलेलंच नसताना तुम्ही ब्रेक दाबता. वर या फोर्कचं वजन अडीच किलोच्या घरात. ते चढावर तुम्हीच ओढायचं.

म्हणून फोर्क वाईट असं नाही. हवेचा, डॅम्पिंगवाला, आपल्या वजनाला जुळवलेला फोर्क मिळाला तर मसाईवर मजा काही औरच. मात्र त्यात हवा छोट्या शॉक पंपानंच भरायची. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी लावाल तर क्षणात सील उडेल. त्यातल्या हवेची जागा अगदी थोडी असते आणि दाब बराच.

पठारावर हात बधिर होतात म्हणता, त्यासाठी आधी टायरकडे बघा. पंक्चरच्या दुकानात "एमटीबी आहे" म्हटलं की काटा टोकापर्यंत जातो. टायरच्या भिंतीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त दाब छापलेला असतो. खडबडीत वाटेवर कमीत कमीच्या जवळ राहा. सव्वादोन इंची टायर मग दगडावर गुंडाळून जातो, उडत नाही. फार कमी केलात तर रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, तेव्हा खाली-वर करून आपला आकडा ठरवावा लागतो. याला एक रुपयाचाही खर्च नाही. मसाईवर फुलांच्या दिवसांत जात असाल तर मळलेली वाट तेवढी सोडू नका.

दुकानदाराबद्दल तुम्ही बोललात ते शंभर टक्के खरं. घाटात कुणी देणार नाही, आणि मी घाट म्हटलंच नव्हतं, चढउतार म्हटलं होतं. टेंबलाईच्या टेकडीसारखा चढ पुरतो. ओळखपत्र आणि स्कूटरची किल्ली काउंटरवर ठेवली की बहुतेक दुकानदार दहा मिनिटं देतात. जो आजिबात देत नाही त्याच्याकडे नंतर सर्व्हिसिंगला गेल्यावर काय होईल तेही कळतं. त्या दहा मिनिटांत पळवू नका, छळा. चढावर बसून गिअर बदला, साखळी कुरकुरते का ऐका. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा, हँडलच्या मुळाशी टकटक जाणवली तर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, सैल आहे. मागचं चाक उचलून फिरवा आणि फ्रेमच्या जवळून बघा, डुलतं का. रोज पाठीवर जी सॅक असते ती घेऊनच जा.

एक गोष्ट मात्र दुकानात कुणी सांगत नाही. नव्या डिस्क ब्रेकची पॅडं बसलेली नसतात. मध्यम वेगात जाऊन, चाक जाम न करता, वीस-तीस वेळा हळू करत आणल्यावर पॅडचा पातळ थर चकतीवर चढतो आणि मग ब्रेक धरतात. त्यामुळे टेस्ट राइडमध्ये उत्तम हायड्रॉलिकही लेचापेचा वाटू शकतो. नुसत्या तेवढ्यावरून नाकारू नका. लिव्हर बोटांत कसा येतो, दाबल्यावर स्पंजासारखा लागतो की ठाम, हे बघा.

आता तुमचा शेवटचा मुद्दा, आणि तोच सगळ्यात वजनदार आहे. तेलाचा ब्रेक कोण बघणार? गगनबावड्याकडच्या एखाद्या वाडीतून कुणी रोज शाळेला किंवा कामाला सायकलवर जात असेल, तर त्यानं केबलचेच ब्रेक घ्यावेत, मी तुमच्याच बाजूला आहे. केबल कुठेही मिळते. पण बावड्यात राहणाऱ्या माणसाला ही अडचण सांगू नका. हायड्रॉलिकला सारखं तेल लागत नाही, आणि लागलं तर शहरात ब्लीड करून, म्हणजे नळीतली हवा काढून तेल भरून, देणारे आहेत.

खरा धोका वेगळा आहे. शिमानो कंपनीच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, मोटारसायकलच्या ब्रेकमध्ये डॉट नावाचं वेगळंच ब्रेक ऑइल. एखादा हौशी मेकॅनिक "ब्रेक ऑइलच ना" म्हणून डॉटची बाटली ओततो. दुसऱ्या दिवशी लिव्हर बरा चालतो, मग आतली रबरं फुगतात आणि अख्खा ब्रेक बाद. सायकल घरी आणल्या दिवशीच लिव्हरवर पेंटनं 'मिनरल' लिहून टाका. दिसायला गावठी दिसेल, दिसू दे. स्वस्त चकत्यांवर बारीक अक्षरात 'रेझिन पॅड ओन्ली' (फक्त रेझिनची पॅडं लावा) कोरलेलं असतं, तेही वाचा. टिकतात म्हणून मेटलची पॅडं त्यावर लावली तर चकती भराभर झिजते.

आणि साखळीला स्प्रे मारताना चकतीवर फडकं टाका. आमच्यातल्या एकानं ज्योतिबाला निघायच्या आधी पार्किंगमध्ये सायकल भिंतीला लावून मस्त फवारा मारला. तो मागच्या चकतीवरही बसला. उतरताना मागचा ब्रेक असा काही किंचाळत होता की गायमुखाजवळ लोक वळून बघत होते, आणि धरत मात्र काहीच नव्हता. चकती स्पिरिटनं पुसून निघाली, पॅडं फेकावी लागली. केबलचा ब्रेक असता तरी हेच झालं असतं.

दुरुस्तीची चिंता करायचीच तर ती हँगरची करा. मागचं डिरेलर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, फ्रेमला ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यानं लागतं, तो. सायकल उजव्या कुशीवर पडली की फ्रेम वाचावी म्हणून तो वाकतो किंवा तुटतो. त्याचे आकार शेकड्यांनी आहेत आणि तुमच्या मॉडेलचा गावात मिळेलच असं नाही. उद्यमनगरातल्या कारखान्यांत नमुना दिलात तर करून देतील, तिथे काय होत नाही! पण रविवारी दुपारी पठारावर तुटला तर उद्यमनगर काय कामाचं? सायकलबरोबरच एक जादा घ्या आणि सीटखालच्या पिशवीत टाका.

आता एक काम तुमच्याकडे. फोर्कच्या चकचकीत नळीवर तळाशी, सीलला टेकवून, पातळ रबर बांधा. सायकलवर नेहमीसारखे शांतपणे बसा, उसळू नका, अलगद उतरा. रबर किती सरकलं ते पट्टीनं मोजा. फोर्कचा प्रवास (तो जास्तीत जास्त किती दबतो ते) १०० मिलिमीटर असेल तर २० ते २५ यायला हवेत. तेवढे आले आणि उसळीही आटोक्यात असेल, तर तुमच्याकडचा फोर्क तुमच्या वजनाला जुळलाय, माझ्याशी भांडत राहा. सात-आठच आले तर अडीच किलो लोखंड तुम्ही फुकट चढवताय. आकडा आणि तुमचं वजन दोन्ही इथेच खाली लिहा, म्हणजे बाकीच्यांनाही ताडून बघता येईल.